जावईबापू, थांब

ज्या वाक्यामुळे ड्रोन तारेत अडकला, ते वाक्य ऐकायला फार गोड होतं. धान्यकोठारांच्या सुरक्षा अधिकारी बाईंनी ते स्पीकरवर पुन्हा लावलं, आणि समोर बसलेल्या सासरेबुवांची मान खाली गेली.

"अहो जावईबापू, आपली हरकत नसेल तर जरा थांबावं असं मला आपलं वाटतं, म्हणजे मागे एक तार..." आणि पाठोपाठ खाड्कन आवाज.

"तार शेवटी आली," बाई म्हणाल्या. "तोवर पंखा तिच्यात गेला होता. खाली कोणी नव्हतं, हे नशीब."

शेजारी बसलेला जावई टेबलाकडे बघत राहिला.

आता सासरेबुवांची जडणघडणच तशी. जन्मभर हेडक्लार्की केलेली. 'विनंती आहे की' म्हटल्याशिवाय त्यांना पाण्याचा पेलासुद्धा मागता यायचा नाही. निवृत्तीनंतर वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालं, बायकोच्या स्वयंपाकात सूचना करून झाल्या, तिचं त्यांना स्वयंपाकघरातून हाकलूनही झालं. आणि मग देवाच्या दयेने एक दिवस जावई म्हणाला, "मामा, माझ्याबरोबर कामावर येता का?"

जावई ड्रोन उडवून उंच इमारतींची तपासणी करायचा. उडवणाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात. म्हणून प्रत्यक्ष ड्रोनवर आणि आजूबाजूला लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागतो. सासरेबुवा ते काम रीतसर शिकले, परीक्षा देऊन पास झाले. गळ्यात दुर्बीण, कानाला माईक, डोक्यावर टोपी. निघताना आरशासमोरून हलायचे नाहीत. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता, आणि आता हे सगळं एका वाक्यापायी जायची वेळ आली होती.

"तुमच्या नजरेत खोट नाही," बाई म्हणाल्या. "तार तुम्हाला वेळेवर दिसली. ती जिभेवर आदराने अडली. पुढच्या उड्डाणाला मी स्वतः येते. धोका दिसला की एकच शब्द: थांब. तो ऐकला की यांनी आधी ड्रोन थांबवायचा, कारण मागाहून विचारायचं. जमलं तर ठीक. नाहीतर दुसरा माणूस शोधावा लागेल."

"थांबा म्हटलं तर चालेल का?" सासरेबुवांनी चाचरत विचारलं.

"नाही. तुमच्या 'थांबा'च्या शेपटाला 'असं वाटतं' बांधलेलंच असतं."

घरी आल्यावर सासरेबुवा खुंटीवरच्या कोटासमोर उभे राहून सराव करू लागले. बायको दारातून बघत होती.

"अहो, कोटाशी काय भांडताय?"

"जावयाला अरे-तुरे करायला शिकतोय."

"अगबाई. लेकीला काय वाटेल?" एवढं म्हणून ती पुढे आली. "आणि मला 'थांब' म्हणताना बरी कधी अडली नाही जीभ?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी नसेल. मला कुठे पंखे आहेत. बरं, म्हणा बघू."

"थांब..."

"हं?"

"...ावं."

"गेला ड्रोन," बायको म्हणाली.

सासरेबुवा खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा पाहून ती जरा मवाळ झाली. "एक सांगा. रोज सकाळी देवापुढे हात जोडून 'तूच सांभाळ रे' म्हणता ना? त्याला कधी 'आपली हरकत नसेल तर' म्हटलंत?"

"देवाला कोण अहो म्हणतं?"

"मग? तो रागावला का कधी? जावई त्याच्याहून मोठा लागून गेला का?"

हेडक्लार्क उठून पुन्हा कोटासमोर उभे राहिले.

तपासणीच्या सकाळी ऊन छान पडलं होतं. ड्रोन कोठाराच्या छपराच्या कडेने सरकत होता. जावयाचे डोळे स्क्रीनवरच्या गंजलेल्या सांध्यावर खिळलेले. बाई दोघांच्या मागे हाताची घडी घालून उभ्या. सासरेबुवांना जाणवलं, ड्रोन कडा सोडून हळूहळू आत निघालाय. तेवढ्यात छपराचं झाकण उचललं गेलं आणि त्यातून एक पिवळं हेल्मेट वर आलं. छपरावर आज कुणी येणार नव्हतं. कॅमेऱ्याची पाठ तिकडे, आणि ड्रोन नेमका तिकडेच.

सासरेबुवांच्या ओठांवर 'अहो' येऊन बसला होता. तो त्यांनी गिळला.

"थांब, गाढवा."

ड्रोन हवेत खिळा मारल्यासारखा उभा राहिला. हेल्मेटवाल्याने वर पाहिलं, आणि झाकण धाडकन बंद झालं.

"जावईबापू," सासरेबुवा घाईघाईने म्हणाले, "तो दुसरा शब्द अनवधानाने गेला, आपण कृपा करून..."

"मामा, नंतर," जावई म्हणाला. ड्रोन मोकळ्या जागेत उतरवून त्याने रिमोट पेटीवर ठेवला आणि तिथेच बसला. "मी कडेनेच चाललो होतो. आत कधी सरकलो, कळलंच नाही. बाळाला दात येतायत. रात्रभर त्याला खांद्यावर घेऊन फिरतोय."

"मग सकाळी बोलायचं ना."

"तुम्ही टोपी घालून फाटकात उभे होतात. 'आज नको' कसं म्हणू? सासरे ना तुम्ही."

बाईंना हसू आवरेना. "म्हणजे दुखणं दोन्ही घरी आहे. झोप झाल्याशिवाय आज रिमोटला हात लावायचा नाही. आणि पुढच्या वेळी 'आज नको' हेही एका दमात म्हणायचं."

"आणि मामांचं काय?" जावयाने विचारलं.

"नजर यांचीच राहील. फक्त गाढव वगळा, एक शब्द पुरे."

"असू द्या हो बाई," जावई म्हणाला. "वडील गेल्यापासून मला कोणी गाढव म्हटलेलं नाही. लग्न झाल्यापासून नुसतं अहो घ्या ना, अहो बसा ना. पाहुणा असल्यासारखं वाटतं."

सासरेबुवा काहीतरी बोलणार होते, पण त्यांना सापडलेली सगळी वाक्यं लांब होती. त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, जावयाला सीटवर आडवं केलं आणि त्याच्या डोक्याखाली आपला कोट घडी करून ठेवला. मग दाराबाहेर सावलीत उभे राहिले.

थोड्या वेळाने बायकोचा फोन आला. "अहो, झालं का नीट? जावईबापू कुठायत?"

सासरेबुवांनी आत डोकावून पाहिलं. तोंड उघडं, एक बूट पायात, एक खाली पडलेला.

"झोपलाय."

"कोण झोपलाय?"

"आपला पोरगा," सासरेबुवा म्हणाले. "आणि हळू बोल. उठेल."