ती बसलेली खुर्ची

मी एक लोखंडी घडीची खुर्ची. योगाच्या वर्गात खुर्चीचं काय काम, म्हणून नाक मुरडू नका. चटया इथे ढिगाने आहेत, पण ही हकिगत मलाच ठाऊक, कारण ती बसली माझ्यावर.

आधी मी सभांची खुर्ची होते. निरोपसमारंभ, भाषणं, सगळं सोसलं. माणूस कंटाळला की मागच्या दोन पायांवर झुलतो. अशाच एका झुलणाऱ्याने माझा पाय वाकवला आणि माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला योगाच्या बाईंनी काढलं, वाकड्या पायाला रबर बसवलं आणि दाराजवळ मांडलं. त्यांच्याकडे येणाऱ्या बायका घरात मारझोड, छळ सोसलेल्या. त्यामुळे इथली रीतच निराळी. दार उघडं असायचं. बाई कुणाच्या पाठीमागे जात नसत, विचारल्याशिवाय हात लावत नसत. "डोळे मिटा" असंही नाही. "वाटलं तर मिटा, नाहीतर राहू द्या उघडे," म्हणायच्या.

त्यांत एक शिवणकाम करणारी होती. तिचा नवरा मागून येऊन मानगूट धरायचा. त्याला सोडून ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. चटईवर ती बसेचना. पायात चप्पल, मांडीवर पर्स, अशी माझ्या कडेला टेकायची. हात वर करायचा तर एकच, दुसरा पर्सवर. बाईंनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. हळूहळू तिचा श्वास लांबला, हे मला कळत होतं.

मग बाई आजारी पडल्या आणि बदलीवर दुसऱ्या आल्या. मनाने चांगल्या. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून त्यांनी दार लावलं, आणि मागून येऊन शिवणवालीच्या खांद्यांवर हात ठेवले. "ताई, सैल सोडा की जरा!"

ती गोठली. ओरडली नाही, हात झटकले नाहीत. मग एकदम उठली ती थेट बाहेर, आणि मी आडवी. मला फार वाईट वाटलं.

पुढे कितीतरी दिवस मी रिकामी होते. बाई बऱ्या होऊन आल्या, तरी मला रोज जागेवर मांडायच्या. शेवटी बहिणीने तिला जवळजवळ ओढतच आणलं.

"चूक आमची," बाई म्हणाल्या. "मी त्यांना आधी सगळं सांगायला हवं होतं."

"मलाच नको म्हणता येत नाही. तोंडच उघडत नाही माझं."

"भीतीने होतं तसं. तुमचा दोष नाही त्यात. सराव करू या?"

तेव्हापासून वर्गाची सुरुवात 'नको'ने होऊ लागली. बाई समोर येऊन विचारायच्या, "खांद्याला हात लावू?" बाकीच्या बायका असं काही ठणकावायच्या की हशा पिकायचा. शिवणवाली मात्र पुटपुटायची, "चालेल." बाई हात मागेच ठेवायच्या. "तोंड चालेल म्हणतंय, पण खांदे कानाला लागलेत. राहू दे."

आज वर्ग संपला आणि बहीण दारात आली. तशी ती मायाळू, पण हुकमी. हिने काय खायचं, कुठे जायचं, सगळं तीच ठरवते.

"चल गं, ऊठ. गाडी थांबलीय."

शिवणवालीचा श्वास अडकला. मला वाटलं, उठतेय आता.

"नको, ताई. मला अजून थोडं बसायचंय."

बहिणीचा चेहरा पडला. "माझ्यावर चिडलीस का?"

"नाही गं. नुसतं नको."

बहीण जाऊन गाडीवाल्याला परत पाठवून आली आणि गुपचूप समोर चटईवर बसली. दिवे मालवायला निघालेल्या बाईही थांबल्या.

बाकीच्या चटया गुंडाळून भिंतीला लागल्या आहेत. मला मात्र एवढ्यात मिटू नका, ती अजून बसलीय.