हाफटाइमचा बँड आणि आमची मृणालिनी

२००४ सालच्या ऑक्टोबरात माझ्या मुलीला मी निवडणुकीत जवळजवळ पाडलं. हेतू चांगला होता. पाडणाऱ्यांचा बहुतेक वेळा असतोच.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, नोव्हायच्या शेजारच्या आमच्या गावात सार्वजनिक ग्रंथालयाचं सात जणांचं मंडळ आहे. दोन जागा रिकाम्या होत्या आणि चार उमेदवार उभे होते, त्यांत आमची मृणालिनी. दिवसभर गाड्यांचे ब्रेक तपासणारी बाई असल्या भानगडीत कशाला पडते? तर रविवारसाठी. ग्रंथालय रविवारी बंद असायचं.

"बाबा, आठवडाभर आम्ही दोघं ऑफिसात. शनिवारी क्लासेस, ग्रोसरी, लाँड्री. उरतो रविवार, आणि नेमकं तेव्हाच कुलूप!"

मंडळातल्या उरलेल्या पाचांपैकी तिघं रविवारच्या बाजूचे होते. चौथं मत तिचं पडलं की कुलूप निघणार, असा सरळ हिशेब होता.

अशात आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी पद्मिनीचा फोन आला. "काका, आपले साठ-सत्तर लोक इथे सिटिझन झालेत, पण ग्रंथालयाला कोण उभंय ते कुणालाच माहीत नाही. वार्तापत्रात समजेल असं काहीतरी लिहा ना. जरा फनी."

जावई विवेकशेजारी बसून मी दोन मोसम कॉलेज फुटबॉल पाहिला होता, अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन पळायचा. विशीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि ते बघायला लाखभर माणसं थंडीत कुडकुडत बसतात. पुढाऱ्यांवर लिहिण्यात माझी उमर गेली, त्यामुळे यात मला काही नवीन वाटलं नाही. मी चारही उमेदवारांना एकेक टीम वाटून टाकली.

निवृत्त हेडमिस्ट्रेस बाई म्हणजे नेव्हीच्या कॉलेजची टीम. चेंडू हवेत फेकणं म्हणजे चैन. तीन-तीन यार्डांनी जमिनीवरून पुढे सरकायचं. घरं विकणारे गृहस्थ म्हणजे नोत्र दाम कॉलेजची टीम. पूर्वजांची कीर्ती दांडगी, आणि दर वर्षी "यंदा बघाच". तिसरे हॅनिगन. हसतमुख, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारणारे. त्यांना टीमच सापडेना. शेवटी लिहिलं, हा हाफटाइमचा बँड आहे: मैदानभर फिरतो, सगळ्यांना आवडतो, आणि स्कोअर होता तेवढाच राहतो.

राहिली मृणालिनी. ती शिकली ओहायो स्टेटमध्ये, आणि ती टीम दोनच वर्षांपूर्वी देशात पहिली आलेली. एका बापाने आणखी काय लिहावं? 'आमची मृणालिनी म्हणजे साक्षात ओहायो स्टेट.'

पद्मिनीला लेख इतका आवडला, की तिने त्याचं इंग्रजी करून आख्ख्या सब-डिव्हिजनला, म्हणजे आमच्या कॉलनीला, ई-मेल केलं.

आमच्या रस्त्यावरच्या लॉनवर मृणालिनीच्या नावाच्या अकरा पाट्या होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांतल्या सहा गायब.

"बाबा," विवेक घरात आला तो बूटसुद्धा न काढता, "तुम्ही तिला ओहायो स्टेट म्हणालात? मिशिगनमध्ये?"

"अरे, चॅम्पियन होती ना ती!"

"म्हणून तर!"

मग उलगडा झाला. विवेक अ‍ॅन आर्बरला शिकलेला, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीचा. मृणालिनी ओहायोची. वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, या दोन टीम भिडतात, अख्खं मिशिगन ओहायोवाल्यांना वैरी समजतं, आणि त्या दिवशी टीव्ही लावायचा नाही असा नवराबायकोत लग्नापासूनचा तह होता. त्यामुळे नेमकी तीच मॅच मी कधी पाहिली नव्हती. दोन्ही मोसमांत त्या शनिवारी ही माणसं मला मॉलमध्ये का फिरवत होती, तेही आत्ता कळलं. मृणालिनीने आपल्या प्रचारपत्रकात 'शिक्षण: मिडवेस्ट' एवढंच छापलं होतं. डिग्रीची फ्रेम कपाटात स्वेटरांच्या खाली होती.

मृणालिनी पोळ्या लाटत राहिली. त्या रात्रीच्या पोळ्या फार पातळ झाल्या होत्या.

"मी पत्र लिहितो सगळ्यांना," मी म्हणालो. "चूक झाली म्हणून."

"काय चूक, बाबा? मी ओहायोची नाहीये, असं लिहिणार?"

चार दिवसांनी ग्रंथालयाच्या हॉलमध्ये उमेदवारांची सभा झाली. प्रश्नांची वेळ आली तशी निळ्या टोपीवर पिवळा 'एम' मिरवणारे एक म्हातारे उठले. नोवाक त्यांचं नाव. मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले.

"चौघांनाही एकच प्रश्न. त्या शनिवारी तुम्ही कोणाच्या बाजूला?"

हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, प्रश्न विषयाला धरून नाही. घरंवाल्यांनी आपले आजोबा मिशिगनकडून खेळल्याचं सांगितलं. हॅनिगन हसले, म्हणाले, "मी खेळाच्या बाजूला!" भरपूर टाळ्या पडल्या.

मृणालिनीने माईक जवळ घेतला. मी मान खाली घालून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"ओहायो स्टेट," ती म्हणाली. हॉलमध्ये हुर्यो उडाली. ती थांबली. "पत्रकात लिहिलं नाही, कारण तुमची भीती वाटली. ते चुकलं. मी तिथे गेले जानेवारीत. कुणाला ओळखत नव्हते. रविवारी जायला एकच जागा उघडी असायची, ती म्हणजे लायब्ररी. मी तिथे नुसती अभ्यासाला नाही, माणसं बघायला जायचे. तुमच्या टीमविरुद्ध ओरडायला मी त्याच गावात शिकले आणि ते काही सुटणार नाही. पण रविवारी दार उघडं पाहिजे, हेही तिथेच शिकले."

नोवाक अजून उभेच होते.

"बाई, तुझी टीम मला डोळ्यांसमोर नको," ते म्हणाले. "पण तुला टीम आहे." आणि बसले.

नोव्हेंबरात निकाल लागला. हॅनिगन पहिले आले. आपण परदेशात आहोत हे मी क्षणभर विसरलो. मृणालिनी दुसरी, हेडमिस्ट्रेसबाईंच्या एकतीस मतांनी पुढे.

जानेवारीत ग्रंथालय रविवारी एक ते पाच उघडं राहू लागलं. पहिल्याच रविवारी वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी नोवाक बसलेले. मला पाहून त्यांनी कोटाच्या खिशातून एक टोपी काढली. निळी, पिवळ्या 'एम'ची, करकरीत नवी.

"मुलगी हातची गेली," ते म्हणाले. "बाप वाचतो का बघू."

मी अजून ग्रीन कार्डवाला. मत देता येत नाही, पण टोपी घालायला बंदी नाही. घालूनच घरी आलो.

"बाबा, ही टोपी घरात नाही," मृणालिनी दारातच म्हणाली. विवेकला मात्र हसू लपवता आलं नाही.

तेव्हापासून ती टोपी गॅरेजमध्ये बर्फ उपसायच्या फावड्याशेजारी टांगलेली असते. रविवारी पावणेएकला मृणालिनी मला स्वतः ग्रंथालयात सोडते. गाडीत टोपी मागच्या सीटवर ठेवायची आणि उतरल्यावरच डोक्यावर घालायची, असा नवा तह झाला आहे.