नंबर गेला परदेशात, आळ आला दीक्षावर

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. मित्रांनो, जुनं म्हटलं तरी माझं वय उणंपुरं दीड वर्ष. पण तेवढ्यात माणसांचे असे रंग पाहिले, की विचारू नका.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. अंगावर सोळा आकडे उठवले, त्याखाली मालकाचं नाव. मालक म्हणजे कुंडलचे नाथाजी, निवृत्त सुभेदार आणि द्राक्ष बागायतदार. अठ्ठ्याण्णव साली ते इतर बागायतदारांबरोबर हॉलंडला निघाले, तेव्हा बँकेनं मला त्यांच्या हाती दिलं. तिथे त्यांनी मला एकदाच वापरलं, बायको मनुबाईंसाठी भिंतीवरचं घड्याळ घेताना. परत आल्यावर मी रुमालात गुंडाळून कपाटात.

नाथाजींना पलटणीत बुद्धिबळाचा नाद लागलेला. कुंडलात कुस्तीला दहा जण उभे राहतील, पटावर बसायला एक मिळायचा नाही. सांगलीत दीक्षा नावाची मुलगी कॉम्प्युटरचे वर्ग चालवायची. तिनं सांगितलं, की परदेशातली एक कंपनी इंटरनेटवर बुद्धिबळ खेळवते, वर्षाची वर्गणी कार्डावरून भरायची. नव्व्याण्णवच्या जूनमध्ये नाथाजींनी माझे आकडे वाचून दाखवले, तिनं टाइप केले आणि मला लगेच त्यांच्या हातात पालथं ठेवलं.

"काका, हे आत ठेवा. कुणाला दाखवत जाऊ नका."

मग दर गुरुवारी सांगलीची एसटी ठरलेली. "पोरी, गोऱ्याचा वजीर खाल्ला बघ!" असं ते ओरडायचे आणि सगळा वर्ग हसायचा. ते माझे सुखाचे दिवस.

पण दीक्षाचं ऐकतील तर ते सुभेदार कसले! खंडेनवमीला त्यांनी पाटावर कोयता मांडला, पंपाचा पाना मांडला, बंदूक मांडली आणि शेजारी मला. हळदीकुंकू वाहिलं. त्यांचे चुलतभाऊ तात्याबा वाकून म्हणाले, "नाथाजी, ह्ये कसलं हत्यार रं?"

"आजकालचं खरं हत्यार ह्येच, गड्या. धार न्हाई, गोळी न्हाई, तरी दुकानदार हात जोडतोय."

झालं! सगळ्या भावकीनं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. आपल्याला इंग्रजी आकडे येतात हे दाखवायला तात्याबांनी सोळाच्या सोळा आकडे खणखणीत आवाजात वाचले. मला मोजायची सवय आहे. त्या दिवशी एक्केचाळीस माणसांनी मला हाताळलं.

दिवाळीनंतर बँकेचं बिल आलं. बूट, अत्तरं, कातडी कोट. अडतीस हजारांची खरेदी, तीही परदेशातल्या शहरांत. मी इथे कपाटात रुमाल पांघरून, आणि माझा नंबर तिकडे बूट घेत हिंडतोय! बँकेनं मला बंद केलं आणि तुकडे करा म्हणून कळवलं. नाथाजींनी द्राक्षाच्या विरळणीची कात्री घेतली. एक तुकडा चुलीत गेला. नंबराचा तुकडा, म्हणजे मी, पुरावा म्हणून कागदांच्या पिशवीत राहिलो.

"ह्यो नंबर बघितला व्हता कुणी?" मनुबाईंनी विचारलं.

"त्या दीक्षानं. तिनंच टाइप केला न्हवं!"

"आन खंडेनवमीला तात्याबांनी वाचला त्यो?"

"तात्याबा आपला हाय."

ऐकलंत? तीन शब्दांत एक्केचाळीस माणसं निर्दोष सुटली. उरली एकटी दीक्षा.

दुसऱ्याच दिवशी ती पिशवी काखेत मारून सुभेदार सांगलीला गेले आणि तिच्या दारात उभे राहून गरजले, "माझा नंबर विकलास तू!" आत अकरा विद्यार्थी. दीक्षा म्हणाली, "काका, बसा आधी. आपण कंपनीला विचारू." पण काकांची नजर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोवर गेली आणि त्यांच्या तोंडून तिच्या जातीवरचं एक वाक्य पडलं. ते मी इथे सांगणार नाही. मी प्लास्टिकचा तुकडा, पण मलाही शिसारी आली.

त्या आठवड्यात सहा विद्यार्थी गेले. एका संस्थेच्या तीस मुलींचा वर्ग तिला मिळायचा होता. त्याच्या भरवशावर तिनं दोन नवे कॉम्प्युटर आणले होते. संस्थेनं निरोप धाडला, 'तूर्त थांबा.'

डिसेंबरच्या अखेरीस खेळाच्या कंपनीचं पत्र आलं. सून प्रियदर्शनीनं ते वाचून अर्थ सांगितला. ऑगस्टमध्ये कंपनीच्या कॉम्प्युटरांतून सभासदांचे कार्ड नंबर चोरीला गेले होते आणि ते तेव्हाच कंपनीच्या लक्षात आलं होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर होती. सोबत तीन महिने खेळ फुकट!

म्हणजे ऑगस्टपासून यांना ठाऊक होतं. गिऱ्हाईक पळू नये म्हणून चार महिने तोंड शिवून बसले आणि नव्या लोकांचे नंबर घेतच राहिले. वर 'गैरसोय'! चोराची किळस येतेच, पण चोरी झाकून दुकान चालवणाऱ्याची जास्त येते.

नाथाजींनी पत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "बेदाण्याची पेटी धाडतो पोरीला."

मनुबाई उसळल्या. "आवं, शिव्या काय पेटीत घालून दिल्या व्हत्या? तोंडानं दिल्या न्हवं? मग तोंडानंच निस्तरा!"

पत्र आणि मी पिशवीत, पेटी काखेत, अशी आमची वरात सांगलीला गेली. नाथाजी दीक्षाजवळ जाऊन पुटपुटले, "चूक झाली, पोरी."

दीक्षानं पेटीकडे पाहिलंही नाही. "काका, त्या दिवशी समोरच्या गिरणीत ऐकू गेलं होतं."

सुभेदारांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, हे आता पाठ फिरवणार. पण ते दारात गेले, रस्त्याकडे तोंड केलं आणि कवायतीच्या आवाजात ओरडले, "दीक्षानं नंबर चोरला न्हाई! मी खोटा आळ घेतला! आन जातीवरनं बोललो ती माझी घाण व्हती!"

गिरणीवाला बिराप्पा मूळचा जतचा, वस्ताद माणूस. त्यानं पट्टा थांबवला आणि पिठानं माखलेला तसाच बाहेर आला. "काय म्हणला, सुभेदार? गिरणीच्या आवाजात कळलं न्हाई. परत सांगा की!"

सुभेदारांनी परत सांगितलं. शब्द न् शब्द.

दीक्षानं मान हलवली आणि वर्ग पुढे सुरू केला. पेटी मात्र घेतली नाही. गेलेले सहाजण काही परतले नाहीत. तीस मुलींचा वर्ग तोवर दुसरीकडे गेला होता.

म्हणून मित्रांनो, कार्डाचा नंबर जरूर जपा. तो चव्हाट्यावर वाचू नका आणि गोड बोलणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या हवाली करू नका. पण एवढं ध्यानात ठेवा : माझ्या जागी बँकेनं पंधरा दिवसांत नवं कार्ड पाठवलं, नव्या कोऱ्या नंबरचं. माणसाचं नाव एकदा नासवलं, की ते बदलून द्यायला कुठलीही बँक बसलेली नाही.