वळणावरचा सडा

आमच्या गावानं त्या दिवशी माझी बहीण मारलीच असती, आणि तेही कौतुकानं.

रागानं मारून झालं होतं. राणी बारावीत असताना अर्धी चड्डी घालून सायकलवर वारंगा फाट्याकडं निघाली की पारावरची माणसं कोणाची म्हैस सुटल्यासारखी बघायची. "पुंजाजी, तुझी पोरगी उघडी फिरून राहिली," असं सांगायला लोक घरापर्यंत यायचे. बाप म्हणायचा, "दिसली का तुमाला? मंग आतापर्यंत बाळापूरला पोचली असंल. बसा, च्या घ्या." बाप गेला. राणी बेंगळुरूच्या एका कंपनीच्या टीममध्ये पगारी सायकलपटू झाली, टीव्हीवर दिसली, आणि तीच पोरगी 'गावची कन्या' झाली. बॅनरवर तिचा फोटो आला. आमच्या वस्तीच्या रस्त्याला अजून डांबर आलेलं नाही. बॅनरवर जागा उरली नसेल.

लोकांना वाटतं सायकल म्हणजे पोरखेळ. उतारावर ताशी साठच्या वर वेग असतो. कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ शंभरेक बाया पळतात. अंगात कागदासारखं कापड, खाली दोन बोटांचा टायर. पुढची एक आडवी झाली की मागच्या सगळ्या तिच्यावर. मग पेपरात छापून येतं, 'तोल गेल्याने सायकलपटू जखमी'. गेल्या साली राणी पडली तेव्हाही असंच छापलं. खरं असं होतं की एक गडी कठड्यावरून आत वाकून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता आणि त्याचा हात तिच्या हँडलला लागला. तोल राणीचा गेलाच नव्हता. त्याचा गेला होता, आणि तो सुखरूप घरी जाऊन जेवला. राणीच्या गळ्याजवळच्या हाडाचे दोन तुकडे झाले. डॉक्टरनं आत धातूची पट्टी बसवली आणि सांगितलं, हे हाड याच जागी परत मोडलं तर शर्यत विसरा.

यंदाची शर्यत हिंगोलीहून कळमनुरीवरून नांदेडला जाणार होती. वारंगा फाट्याच्या पुढं हायवे सोडून आमच्या गावच्या जुन्या रस्त्यानं डोंगरकड्याकडं निघणार होती. तो रस्ता मला पाठ आहे. आधी उतार, मग ओढ्यावरचा पूल, पूल संपला की एकदम डावीकडं वळण, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला विजेचा लोखंडी खांब. आयोजकांनी प्रत्येक वळणावर एक गाववाला नेमला होता. आमच्या वळणावर मी, प्रमोद पुंजाजी, वेल्डिंगवाला. एक नारंगी जॅकेट, एक शिट्टी, एक पिवळा झेंडा.

सकाळी ते सामान घ्यायला मी फाट्यावर गेलो. परत आलो आणि पुलाच्या तोंडाशी माझे पाय थांबले.

अख्ख्या वळणावर शेणाचा सडा टाकलेला होता. हिरवागार, दाट, ओला. त्यावर पार पलीकडच्या कडेपर्यंत रांगोळी, मधोमध निळ्या रंगाचं भलंमोठं चाक. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. एका बाजूला मांडव टाकून स्टेज, त्यावर गाद्या आणि लोड. दुसऱ्या बाजूला जेसीबी. त्याचं बकेट वर उचललेलं, आणि त्यात गच्च भरून झेंडूच्या पाकळ्या. राणी आली की घोळक्यावर ओतायच्या!

माझी माय, मालनबाई, चाकाच्या शेवटच्या आऱ्यात निळा रंग भरत होती. हात कोपरापर्यंत निळे.

"कसं दिसून राहिलं रे?" तिनं वर बघून विचारलं.

वरच्या आळीच्या बाया तिच्या अवतीभवती बसल्या होत्या आणि 'मालनकाकू, इथं कोणता रंग भरू?' असं विचारत होत्या. माझ्या उभ्या जन्मात मी हे पहिल्यांदा बघत होतो. आणि मलाच ते मोडायचं होतं.

"माय, हे पुसावं लागंल," मी म्हणालो.

"काहून?"

"पोरी घसरतील. शेण, रंग, पाकळ्या, सगळं निसरडं हाय. टायर केवढुसा असतो तुला माहीत न्हाई."

"लग्नाची वरात येते तवा घोडं घसरत न्हाई," एक बाई म्हणाली. "हिची काय सायकल घसरते?"

"घोडं साठच्या स्पीडनं येत न्हाई, वहिनी!"

तेवढ्यात स्टेजवरून विजयकुमार भाऊ उतरले. बॅनरवर त्यांच्या फोटोखाली 'भावी आमदार' लिहिलेलं असतं. मी शाळेत होतो तेव्हापासून ते भावीच आहेत. पांढरा शर्ट, पांढरी पँट, वळण संपतं तिथं रस्त्यातच उभी केलेली पांढरी गाडी.

"प्रमोद, शुभ कामात असं अभद्र बोलू नको," ते म्हणाले. "ड्रोनवाला नांदेडहून बोलावला आहे. पोरगी गावाची आहे, तुझ्या एकट्याची नाही."

"चड्डी घालत होती तवा माझ्या एकट्याचीच होती, भाऊ."

दोन-चार जण फिस्सकन हसले. भाऊ हसले नाहीत.

"अपघात व्हायचा तर कुठंही होतो. नशिबाचा भाग असतो तो."

इथं माझं डोकं फिरलं. नशीब! रस्त्यात शेण कालवायचं, खांब उघडा ठेवायचा, गाडी आडवी लावायची, आणि पोरगी पडली की नशिबाचं नाव घ्यायचं. नशिबाला बोलता येत असतं तर त्यानं आपल्यावर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला असता. हे सगळं मी ओरडून बोललो. ऐकलं कोणीच नाही. आमच्या गावात ओरडणाऱ्याचं ऐकत नाहीत, त्याची गंमत बघतात.

मग म्हटलं, गंमतच दाखवतो.

घरून राणीची जुनी सायकल आणली आणि उतार चढून वर गेलो. मायनं खालून हाक मारली, "परमोद, काय करून राहिला?" मी पायडल मारत सुटलो. राणीच्या निम्मासुद्धा माझा वेग नसेल. पूल ओलांडला, हँडल डावीकडं वळवलं, आणि खालून कोणीतरी सतरंजी ओढावी तशी सायकल निघून गेली. मी आधी शेणावर, मग रांगोळीवर, मग निळ्या चाकावरून सरकत सरकत थेट खांबापाशी. खांबाला माझं बूड लागलं म्हणून थांबलो, नाहीतर डोंगरकड्यालाच गेलो असतो.

गावाला काय आनंद झाला! बाया तोंडाला पदर लावून डुलत होत्या. जेसीबीवरचा हिरासिंग स्टेअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "अरे, पुन्हा एकदा! ड्रोन चालू नव्हता!" असं कोणीतरी ओरडलं. मी हिरवा आणि निळा, दोन्ही कोपरं सोललेली. माझी माय डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग ती हसता हसता थांबली. खांबाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत खांबाकडं.

"राणी याच बाजूनं येणार?" तिनं विचारलं.

"याच बाजूनं. आणि तिच्या मागं शंभर जणी."

मायनं निळे हात लुगड्याला पुसले आणि कासोटा खोचला. "ए बायांनो, बसल्या काय? उठा! आपण केलं, आपणच काढायचं. खराटे आणा. गोधड्या आणा. पोती आणा."

"मालनकाकू, एवढी छान रांगोळी..."

"रांगोळी उद्या काढू. उद्या कोणी येऊन न्हाई राहिलं, निवांत काढू."

आणि तिनं स्वतःच चाकाच्या मधोमध बादली ओतली.

त्यानंतर जे झालं ते मी बघत राहिलो. टँकरचं पाणी सुटलं. खराटे चालले. बाया ओळीनं गुडघ्यावर बसून गोधड्यांनी डांबर पुसत होत्या, आणि पुसताना एकमेकींच्या सासवांचा उद्धार करत होत्या. एका सासूची नवी दुलई आली तेव्हा तिची सून म्हणाली, "हीच आना, हिच्यावर लई जीव हाय त्यांचा!" माघाचं ऊन चांगलं तापलं होतं. पुसलेला रस्ता वाळत गेला.

माय जेसीबीकडं वळली. "हिरासिंग, ही फुलं न्हाई पाहिजेत."

"माताजी, मी तर केव्हाच घेऊन गेलो असतो," हिरासिंग म्हणाला. "पण मागं जागा कुठं? साहेबांची गाडी."

"मंग काढ ना बाजूनं."

त्यानं काढलं. जेसीबी मागं घेताना बकेट कलंडलं. चुकून कलंडलं की मुद्दाम, हे मी आजपर्यंत त्याला विचारलेलं नाही. सगळ्या पाकळ्या धो धो त्या पांढऱ्या गाडीवर. काच गेली, नंबरप्लेट गेली, नुसता केशरी ढीग. "गाडी रस्त्यातून काढायची का, का हार घालायचा?" कोणीतरी विचारलं. ड्रायव्हरनं वायपर चालू केला आणि त्यात झेंडू अडकला. मग दहा गड्यांनी हसत हसत गाडी ढकलून शेतात नेली.

विजयकुमार भाऊंचं तोंड बघण्यासारखं होतं. पण पुढारी उगाच होत नाहीत. ड्रोन वर गेला आणि गुडघ्यावर बसलेल्या बायांवरून फिरायला लागला, तसे ते चटकन खाली बसले, एक पोतं ओढलं आणि कॅमेऱ्याकडं मान वर करून रस्ता पुसायला लागले.

"भाऊ, तिथं पुसून झालं," माय म्हणाली. "बसलेच आहात तं स्टेजवरच्या गाद्या द्या."

"गाद्या? कशाला?"

"खांबाला बांधायच्या."

त्यांच्या बसायच्या गाद्या खांबाला गेल्या, लोड पुलाच्या कठड्याला. भोवती बैलांचे कासरे गुंडाळून बांधलं सगळं. खांब आजारी माणसासारखा गुरफटून उभा राहिला. शेवटची गाठ मारेपर्यंत पायलट गाडीचा भोंगा आला.

"मागं सरा! मोबाइल आत! पाय आत! लेकरं कडेवर घ्या!" मी शिट्टी फुंकत पिवळा झेंडा हलवत होतो. आणि गाव मागं सरलं. जे गाव माझं कधी ऐकत नाही ते सगळं कडेच्या आत. मायनं दोन्ही हात पसरून वरच्या आळीच्या बायांना अडवून धरलं होतं.

आधी आवाज आला. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. मग उतारावर रंग दिसले, आणि श्वास घ्यायच्या आत त्या पुलावर होत्या. दोनशे टायरांचा एकच सूर, अंगावर आलेला वारा. वळणावर सगळ्या एकदम डावीकडं कलल्या. राणीचं निळं हेल्मेट मला दिसलं, सहावं का सातवं. कोपरं आत, नजर खाली रस्त्यावर. राणीनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कलली, सरळ झाली, गेली.

मागून येणारी एक मात्र जरा जास्त बाहेर गेली. कठड्याच्या लोडाला घासली आणि धाडदिशी खांबाच्या गाद्यांवर आदळली. पोरगी गादीतून उठली, हातपाय झाडले, हेल्मेट चाचपलं, कोणत्या तरी परभाषेत एक सणसणीत शिवी दिली आणि हसली. मी सायकल उचलून चेन बसवली. तिघी बायांनी तिच्या पाठीला हात लावून असं ढकललं की ती पायडल न मारताच अर्धं वळण पार करून गेली. मग अशा टाळ्या पडल्या की कडेच्या लिंबावरचे बगळे उठले.

पण माय टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या खिशातून मोबाइल काढत होती.

"अनुसयाला लाव. डोंगरकड्याच्या. लवकर! तिथं सडा टाकला असंल तं?"

अनुसयाबाई माझी मावशी, तिचं घर तिथं रस्त्यालाच आहे. मी फोन लावून आवाज मोठा केला.

"अनुसये, तुमच्या रस्त्यावर फुलं टाकली का गं? शेण टाकलं का?"

"आमी काहून टाकावं?" पलीकडून आवाज आला. "आमाला कोणी सांगितलंच न्हाई काय येऊन राहिलं ते. पोलिसानं सकाळपासून रस्ता बंद केला, शेळ्या घरात कोंडल्या मी. नुसती तकलीफ."

"लई चांगलं झालं! तशीच थांब. राणी येऊन राहिली. बाहेर येऊन बघ, पन रस्त्यावर जाऊ नको. मोबाइल पुढं करू नको!"

"मोबाइल कानाला हाय माझ्या, पुढं काय करू?"

सगळं गाव माझ्या हातातल्या फोनभोवती गोळा झालं. विजयकुमार भाऊही, गुडघ्याला शेण लागलेले. फोनमधून शेळ्या ओरडत होत्या. मग लांबून भोंगा. मग तेच मोहोळ, बारीक आवाजात.

"आल्या गं," मावशी म्हणाली. "अगं माय... गेल्या!"

"आपली होती का? निळी टोपी?"

"होती. दुसरी होती."

"पडली न्हाई ना?"

"पडायला जमिनीवर असावं लागतं, मालनबाई. तुझी पोरगी उडून राहिली होती."