खारीचा पत्ता

घरी सगळे त्याला ताई म्हणत, मावशीच्या लाँड्रीत गिऱ्हाइकं "ए मुली" म्हणून हाक मारत. मोबाईलवरच्या, त्याच्यासारख्याच वीसेक जणांच्या एका ग्रुपवर मात्र तो पेन्सिल होता. तिथे त्याने पहिल्यांदा "मी आलो" असं लिहिलं, तेव्हा कुणी हसलं नाही. उलट खार नावाच्या मुलीने विचारलं, "जेवलास का?" त्या एका 'जेवलास'वर त्याने आख्खा आठवडा काढला. आपल्याला मुली आवडतात हे खारीनेही तिथेच कबूल केलं होतं. वर्षभर दोघं रोज बोलत. खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही, हा ग्रुपचा नियम.

आता तीन दिवस खार गप्प होती. तिचा शेवटचा निरोप होता, "भावाने सगळं वाचलं. आता माझं काही खरं नाही."

ग्रुपवर जो तो दुसऱ्याला विचारत होता, पत्ता कुणाकडेच नव्हता. ती डावखुरी आहे आणि याच शहरात बस डेपोसमोर चष्म्याच्या दुकानात काम करते, एवढंच ठाऊक. चौथ्या दिवशी दुपारी मावशी मागे कपडे पिळत होती, तेव्हा त्याने नेटवर नंबर शोधून तिथल्या एकेका चष्मेवाल्याला फोन लावायला सुरुवात केली.

"तुमच्याकडे डावखुरी मुलगी कामाला आहे का? नाव माहीत नाही."

दोघांनी त्याला वेड्यात काढलं, तिसऱ्याने फोन आपटला. चौथा म्हणाला, "होती. आता येणार नाही, असं भाऊ सांगून गेला. आपण कोण?"

"मी तिचा मित्र बोलतोय."

हे असं मोठ्याने तो जन्मात पहिल्यांदा बोलला. वळून बघतो तर दारात मावशी, हातात ओली चादर.

"कोण बोलतोय?" तिने विचारलं.

"मीच, मावशी. एक मुलगी जिवाचं बरंवाईट करून घेईल. आधी तिकडे जाऊ दे, मग मला काय मारायचं ते मार."

"तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू," मावशी पुटपुटली. पण आडवी आली नाही.

तो दुकानात पोचला, तेव्हा चष्मेवाल्याने हो-नाही करत घर दाखवलं. दार खारीच्या भावाने उघडलं.

"तिला एकदा भेटू द्या," पेन्सिल म्हणाला. "पाया पडतो तुमच्या."

"पडतो?" भावाने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे तूही त्यातलीच." आणि दार लावून घेतलं.

पेन्सिल तिथेच जिन्यावर बसला. मग घरातल्या आतल्या खोलीच्या दारावर कुणीतरी हात आपटले. व्हॉइस मेसेजमधून वर्षभर ऐकलेला आवाज घोगरा झाला होता. "मला कोंडलंय. बाहेर कोण आहे? जाऊ नका."

"नाही जात," तो ओरडला.

त्याने ग्रुपवर लिहिलं, "जिवंत आहे. कोंडून ठेवलीय. वकील, पोलीस, कुणीही ओळखीचं असेल तर पाठवा."

तेवढ्यात आईचा फोन आला. मावशीने सांगितलं असणार. त्याने तो कापला. ग्रुपमधली तिघं निघाली होती. सगळ्यात जवळ असलेलीही दोन तासांवर होती. आतला आवाज थांबला होता, आणि भाऊ बाहेरच्या दाराची कडी पुन्हा काढत होता. पेन्सिल उठून दारासमोर उभा राहिला.