सतरंजीवरचा एकटा माणूस

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळ्या पट्ट्यांची, साऱ्या गावाच्या मालकीची. वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, तेव्हा गावानं मला सुलतानपूरच्या बाजारातून आणलं. मारुतीच्या देवळात माझी जागा. लग्न असो, पंचायत असो, कुणाचं मरण असो, मला खांद्यावर टाकून नेत.

माझ्यावर कोण कुठे बसणार हे कुणी सांगत नसे, तरी सगळ्यांना ठाऊक असे. उकंडराव पंच मध्ये, गरीब सोयरे काठाला. काही माणसं तर माझ्याबाहेर मातीतच बसत. बुलढाण्याहून आलेले मार्तंड गुरुजी एकदा म्हणाले, "माणूस एकटा वागतो तसा चारचौघांत वागत नाही. असं का, हे शोधणारं एक शास्त्र आहे. त्याला समाजशास्त्र म्हणतात."

गावातला पुंजाजी म्हणाला, "मंग गुरुजी, तुम्ही काऊन कोपऱ्यात बसले? मधी या ना!"

गुरुजी हसले, पण हलले नाहीत.

त्याच वर्षी आमच्याच गावचा निवृत्ती एका वाळीत टाकलेल्या घरी जेवून आला. पंचांनी त्यालाही वाळीत टाकलं. "याच्यासंगं कोणी सतरंजीवर बसायचं नाही," उकंडराव म्हणाले.

पुढे निवृत्तीची बायको गोजरबाई वारली. तिच्या माहेरचे आले, माती देऊन परत गेले. मरणाच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकर आणतात, जवळ बसतात. निवृत्तीनं स्वतःच मला आणून अंगणात पसरलं आणि तो वाट पाहत बसला.

माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं. पण जो तो दुसऱ्याकडे पाहत होता.

शेवटी शेजारची म्हातारी तानुबाई भाकरीची टोपली घेऊन आली.

"निवृत्ती, सतरंजी गुंडाळ."

"काऊन वो काकू?"

"पंचानं सतरंजीची मनाई केली. भुईची केली काय?" ती खाली मातीत बसली. "पुंजाजी, पाहून काय राह्यला बे? बस इकडं."

पुंजाजी आला. मग एकेक करून सगळे आले. उकंडरावही आले आणि जागा मिळाली तिथे, काठाला बसले. निवृत्तीनं भाकरीचा घास घेतला. मी भिंतीला टेकून गुंडाळलेली होते. तिथून पाहिलं, तर त्या बसण्यात मधली जागाच नव्हती.

सगळे गेल्यावर निवृत्तीनं मला पुन्हा पसरलं. एका कोपऱ्यात बसला. बाकी मी सगळी रिकामी होते.

आता मी विरले आहे. जमलं तर मला ठिगळ लावा. पण कुणाच्या अंगणात माझ्यासारखी सतरंजी पसरलेली दिसली आणि तिच्यावर एकच माणूस दिसला, तर आधी कोण जातं याची वाट पाहू नका.