इंटरकूलरपुढचा नारळ

तीन दिवस झाले, प्राचीचं डोकं फिरायचं तेवढंच बाकी होतं.

नव्या इंजिनात टर्बो हवा दाबतो, आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करायचा इंटरकूलर बंपरमागे खाली बसवायचा, हा हट्ट प्राचीचा. कंपनीतल्या तिच्या साहेबांना, रघुवीर सरांना, तो जुन्या पद्धतीने वर, बॉनेटखाली हवा होता. सोमवारी निकाल. हवा साठ डिग्रीच्या आत राहिली तर दोन वर्षांची मेहनत पास, नाही तर सगळं कचऱ्यात.

बुधवारपर्यंत आकडा बावन्नवर शहाण्यासारखा बसला होता. गुरुवारपासून ऐंशी. गाडीही फसवी. सिग्नल सुटला की बॅटरीवरची छोटी मोटर इंजिनाला हात देई, गाडी झोकात निघे, आणि दहा सेकंदांत मोटर थांबली की इंजिन मरगळून जाई. प्राचीने खापर तापमानाच्या सेन्सरवर फोडलं. तिच्या हाताखालच्या मानसने दोनदा सेन्सर बदलला आणि प्राचीची बोलणी खाल्ली. आकडा ढिम्म हलला नाही.

टेस्टची गाडी ती रोज घरी आणायची. रविवारी सकाळी वैतागून ती बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या आपल्या घरासमोर, अंगणातच जमिनीवर आडवी झाली, बंपरखालची जाळी काढली आणि आत हात घातला. हाताला गोधडी लागली.

गोधडीच. आणि गोधडीत, लाल कापडात बांधलेला नारळ.

"बाबा!"

अरविंदराव चहाचा कप घेऊन आरामात आले. "अरे, मिळाला का? नवसाचा आहे तो. तुझं डिझाईन पास झालं की फोडायचा. खडखडू नये म्हणून गोधडी घातली, बेटा."

"हवेचा रस्ता बंद केलात तुम्ही. तीन दिवस मी वेड्यासारखी शोधतेय."

"तूच तर दाखवलंस ना बुधवारी, की बाबा, हे माझं काम, इथे बसतं. म्हटलं, जिथे काम तिथेच नारळ. चलो, आता टेंशन नको घेऊस."

जाळीच्या दोन क्लिपा कशा काढायच्या, तेही प्राचीनेच कौतुकाने दाखवलं होतं. तिने नारळ देवघरात नेऊन आपटल्यासारखा ठेवला आणि शहराबाहेर हातोदच्या रस्त्यावर गाडी काढली. बावन्न. जाताना बावन्न, येताना एक्कावन्न.

सोमवारी सरांनी विचारलंच, मधले तीन दिवस काय झालं होतं? खोटं बोलायचा मोह तिला झाला होता, पण समोर मानस बसला होता.

"सेन्सर ठीक होता, सर. मानसची काही चूक नव्हती. हवेच्या वाटेत नारळ होता. वडिलांनी बांधलेला."

सरांनी रविवारचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी डिझाईनवर सही केली.

संध्याकाळी अरविंदरावांनी नारळ फोडला. आतून पिवळा पडलेला, आणि असा वास की प्राची दोन पावलं मागे सरकली. तीन दिवस गरम हवेत शिजल्यावर दुसरं काय होणार होतं? ती सांगायला तोंड उघडणार, तोच अरविंदरावांनी डोळे मिटून हात जोडले.

"खराब निघाला, बेटा. म्हणजे देवाने घेतला. पास करवलं की नाही त्याने तुला?"

प्राचीने उघडलेलं तोंड मिटलं आणि तीही हात जोडून उभी राहिली.